तीन नोड, एक लॅपटॉप: स्वतः मोडून बघा, मगच भरवसा ठेवा

आजचा भाग हाताने करून बघण्याचा आहे. ऐकता ऐकता लिहून घ्यायची गडबड करू नका, सगळं बोलणं इथे लिहून ठेवलेलं आहे. रात्री लॅपटॉप उघडाल तेव्हा सावकाश वाचा.

विषय असा आहे: डिस्ट्रिब्युटेड सॉफ्टवेअर, म्हणजे एकच काम अनेक मशीनवर वाटून करणारं सॉफ्टवेअर, आपल्या लॅपटॉपवर कसं उभं करायचं आणि कसं तपासायचं. कॉलेजमधून नुकते बाहेर पडलेले बरेच जण विचारतात, "आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे, दहा सर्व्हर कुठून आणायचे?" दहा लागत नाहीत. तीन पुरतात, आणि तेही एकाच लॅपटॉपवर. फक्त एक अट आहे. ते तीन नोड नुसते चालू करून समाधान मानायचं नाही. ते हवे तेव्हा, हवे तसे मोडता आले पाहिजेत.

का मोडायचे? एक नेहमीचा अनुभव घ्या. तिकीट काढताय, यूपीआयने पैसे दिले, स्क्रीनवर चक्र गोल गोल फिरतंय. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण तिकीट काही येईना. इथे नक्की काय झालं? अ‍ॅपने समोरच्या सर्व्हरला विचारलं आणि उत्तर आलं नाही. काम झालं आणि उत्तर वाटेत हरवलं असेल, किंवा काम झालंच नसेल. बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. एका मशीनवर एखादं फंक्शन बोलावलं तर उत्तर "झालं" किंवा "नाही झालं" असं येतं. नेटवर्क मध्ये आलं की तिसरं उत्तर येतं: "माहीत नाही."

हे तिसरं उत्तर इतकं खरं आहे की त्यासाठी नियम करावे लागलेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढलं. यूपीआयने पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. म्हणजे बघा, आपण कोडमध्ये ज्याला निवांतपणे "टाइमआउट" म्हणतो, तिथे दुसऱ्या टोकाला कुणाचे तरी पैसे अडकलेले असतात.

आता मोठ्यांचं उदाहरण बघू. २१ ऑक्टोबर २०१८. गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर नेटवर्कचं नेहमीचं देखभालीचं काम चालू होतं. त्यात एक जोडणी ४३ सेकंद तुटली. फक्त ४३ सेकंद! तेवढ्यात डेटाबेसवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने ठरवलं की पूर्वेकडचा मुख्य डेटाबेस गेला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतीला मुख्य केलं. पण पूर्वेकडे काही नोंदी अशा झाल्या होत्या ज्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. मग पश्चिमेलाही नव्या नोंदी सुरू झाल्या. दोन्हीकडे अशा नोंदी की ज्या दुसरीकडे नाहीत. गिटहबने सेवा लवकर पूर्ववत करण्यापेक्षा लोकांचा डेटा वाचवण्याला आधी महत्त्व दिलं, आणि सगळं नीट व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांची फट, आणि निस्तरायला एका दिवसाहून जास्त.

लक्षात घ्या, तिथे कुणी अडाणी बसलेलं नव्हतं. प्रत्येक भाग आपापल्या नियमाप्रमाणेच वागला. गोंधळ झाला तो भागांच्या मधल्या जागेत. ती मधली जागा आपल्या लॅपटॉपवर कधी दिसतच नाही, कारण लॅपटॉपच्या आतलं नेटवर्क जवळपास कधी तुटत नाही, पाकीट कधी हरवत नाही, उत्तर कधी उशिरा येत नाही. म्हणून "माझ्या मशीनवर तर चालतंय" या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही.

पण एक दिलासा देणारी गोष्ट आहे. २०१४ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅसांड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच सिस्टिम्समधले १९८ खरे बिघाड खोलात जाऊन तपासले. त्यातले ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी नोडवर घडवता येत होते. आणि सगळी सिस्टिम झोपवणारे जे मोठे बिघाड होते, त्यातल्या ९२ टक्क्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: कोडला चूक कळवली गेली होती, पण ती चूक हाताळणारा कोड धड लिहिलेला नव्हता. थोडक्यात, बिघाडाच्या वाटेवरचा कोड कुणी चालवूनच बघितलेला नसतो. तो चालवून बघायला तीन नोड पुरतात.

चला तर, उभं करू. उदाहरणासाठी मी एटसीडी घेतोय. कुबर्नेटिस स्वतःची सगळी माहिती ज्यात ठेवतं ते हे छोटं डेटा स्टोअर. ते राफ्ट नावाच्या पद्धतीवर चालतं. राफ्टचा नियम सोपा आहे: नोडपैकी एक म्होरक्या असतो, आणि कुठलीही नोंद बहुमताने मान्य झाल्याशिवाय पक्की होत नाही. तीन नोड असतील तर बहुमत दोनाचं, म्हणजे एक पडला तरी चालतं. चार असतील तर बहुमत तिनाचं, म्हणजे तरीही एकच पडू शकतो. पाच असतील तर दोन पडू शकतात. नोडची संख्या विषम का ठेवतात, ते या हिशोबात आलं.

डॉकर कंपोजची एक फाइल करा. त्यात एटसीडीचे तीन कंटेनर आणि तुमच्या अ‍ॅपचे दोन. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे आरामात मावतं. पण पाच गोष्टी सुरुवातीलाच सांभाळा.

पहिली, इमेजच्या पुढे "लेटेस्ट" लिहू नका, नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. नाहीतर आज सापडलेला बग उद्या गायब होईल आणि तो तुम्ही सुधारलात की इमेज बदलली, ते कळणार नाही.

दुसरी, कंटेनरच्या आत "लोकलहोस्ट" म्हणजे तो कंटेनर स्वतः. पहिल्या नोडने दुसऱ्याला "मला लोकलहोस्टवर भेट" असं सांगितलं तर दुसरा स्वतःच्याच दारात शोधत बसेल. इतरांना सांगायचा पत्ता नेहमी कंटेनरच्या नावाने द्या. नवीन क्लस्टर उठत नसेल तर सगळ्यात आधी हेच तपासा. ग्राहकासाठी २३७९ आणि नोडनी आपापसात बोलायला २३८० हे एटसीडीचे पोर्ट.

तिसरी, कंपोजमधलं "डिपेंड्स ऑन" नुसतं लिहिलं तर ते कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबतं. आतला प्रोग्राम तयार झाला का, हे ते बघत नाही. त्यासाठी हेल्थचेक लिहा आणि "सर्व्हिस हेल्दी" ही अट घाला.

चौथी, प्रत्येक चाचणी कोऱ्या पाटीवर सुरू करा. "डॉकर कंपोज डाउन" म्हटलं की कंटेनर जातात, पण नाव दिलेले व्हॉल्यूम तसेच राहतात. त्यांनाही पुसायचं असेल तर पुढे "डॅश व्ही" लावा. कालच्या चाचणीचा उरलेला डेटा आजच्या चाचणीला खोटं पास करू शकतो.

पाचवी, दोन वेगळी नेटवर्क करा. एक नोडनी एकमेकांशी बोलायचं, दुसरं अ‍ॅपने नोडशी बोलायचं. एकच नेटवर्क असेल तर नोड तोडला की तुमचंही त्याच्याशी बोलणं बंद पडतं. आणि सगळ्यात मजेदार प्रश्न तर हाच असतो: इतरांपासून तुटलेला नोड ग्राहकाला काय उत्तर देतो? दोन्ही नेटवर्कवर नोडना वेगवेगळी टोपणनावं द्या. तोडलेला नोड हाताने परत जोडताना ते टोपणनाव पुन्हा द्यावं लागतं, ते आपोआप परत येत नाही.

क्लस्टर उठलं. आता लगेच मोडायला धावू नका. त्याआधी वही हवी. मोडल्यावर बरोबर काय आणि चूक काय, हे ठरवणारी वही.

समजा आपलं अ‍ॅप गावाकडे जाणाऱ्या बसच्या सीट बुक करतं. एटसीडीमध्ये "सीट १२" नावाची की रिकामी असेल तरच तिथे नाव लिहायचं, असा व्यवहार आहे. चाचणीचा प्रोग्राम शेकडो प्रवाशांच्या वतीने सीट मागतो आणि प्रत्येक मागणीची वहीत ओळ लिहितो: कुणी मागितली, कुठली मागितली, कधी मागितली, उत्तर काय आलं. उत्तराचे रकाने तीन: "हो", "नाही" आणि "माहीत नाही". टाइमआउट झाला तर तो "नाही"च्या रकान्यात टाकायचा नाही. हा नियम पाळाच.

सगळं शांत झाल्यावर डेटा वाचायचा आणि वहीशी ताडून बघायचा. ज्याला "हो" म्हटलं त्याची नोंद सापडलीच पाहिजे. ज्याला "नाही" म्हटलं त्याचं नाव कुठेही सापडता कामा नये. एकाच सीटसाठी दोघांना "हो" मिळता कामा नये. "माहीत नाही" असेल तर नोंद असो वा नसो, दोन्ही चालेल. काइल किंग्सबरी यांनी २०१३ पासून जेप्सन नावाच्या प्रकल्पात कितीतरी नामांकित डेटाबेस तपासले, त्यामागची कल्पना हीच आहे: काम देत राहा, मध्ये बिघाड घाला, सगळा इतिहास लिहून ठेवा आणि शेवटी तो नियमांशी ताडून बघा.

आता मोडूया. साध्यापासून सुरुवात.

पहिला बिघाड: मारून टाकणं. म्होरक्या कोण ते बघा आणि "डॉकर किल" करा. "डॉकर स्टॉप" वापरू नका; ते आधी सभ्यपणे विनंती करतं, १० सेकंद वाट बघतं आणि मगच मारतं. खरा बिघाड विनंती करत नाही. एटसीडीमध्ये म्होरक्या मूळ सेटिंगनुसार दर १०० मिलिसेकंदांनी "मी आहे" असं सांगतो, आणि साधारण एक सेकंद काही ऐकू आलं नाही की बाकीचे निवडणूक लावतात. त्या एक-दोन सेकंदांत तुमचं अ‍ॅप काय करतं? ग्राहकाला लाल स्क्रीन दाखवतं, की थोडं थांबून परत विचारतं?

दुसरा बिघाड: तोडणं. "डॉकर नेटवर्क डिसकनेक्ट" करून म्होरक्याला नोडच्या नेटवर्कमधून बाहेर काढा. अ‍ॅपचं नेटवर्क तसंच ठेवा. आता त्या एकट्या नोडला वाचायला सांगा. नेहमीचं वाचन बहुमताशिवाय होत नाही, म्हणून ते अडकेल आणि टाइमआउट होईल. पण "सीरियलायझेबल" प्रकारचं वाचन मागितलं तर तो स्वतःजवळचं जुनं उत्तर बिनदिक्कत देईल. दोन्ही दिलेल्या नियमाप्रमाणेच आहे. वेग वाढावा म्हणून कुणी कोडमध्ये दुसरा प्रकार निवडला असेल, तर भरलेली सीट रिकामी दिसू शकते. हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघाच.

तिसरा बिघाड: उत्तर हरवणं. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारा हाच. शॉपिफायने बनवलेलं टॉक्सिप्रॉक्सी नावाचं साधन अ‍ॅप आणि एटसीडीच्या मध्ये बसवा. त्यात विनंती जाण्याची दिशा आणि उत्तर येण्याची दिशा वेगवेगळी बिघडवता येते. उत्तराच्या दिशेला दोन सेकंद उशीर घाला आणि अ‍ॅपचा टाइमआउट एक सेकंद ठेवा.

आता बघा काय होतं. सायलीने १२ नंबरची सीट मागितली. एटसीडीने नोंद केली. उत्तर उशिरा निघालं आणि अ‍ॅपचा टाइमआउट झाला. तुम्ही उशीर काढून टाकलात, अ‍ॅपने शहाण्यासारखं परत विचारलं, "सीट १२ रिकामी आहे का?" उत्तर आलं: "नाही, भरलेली आहे." अ‍ॅप सायलीला सांगतं, "सॉरी, सीट गेली." पण ती सीट घेतली कुणी? सायलीनेच! पैसे कापलेले, सीट तिच्या नावावर, आणि तिच्या हातात तिकीट नाही. वही उघडा: "नाही" मिळालेलं नाव डेटामध्ये सापडलं, नियम मोडला. डेटा स्टोअरची यात काही चूक नाही, बग आपल्या कोडमध्ये आहे. आणि शांत नेटवर्कवर हजार वेळा चाचणी चालवली असती तरी तो दिसला नसता.

उपाय सोपा आहे. बटण पहिल्यांदा दाबलं तेव्हाच फोनवर एक विनंती क्रमांक तयार करा, परत विचारताना तोच पाठवा, आणि सीटच्या नोंदीत प्रवाशाच्या नावाबरोबर तोही लिहा. सीट भरलेली दिसली तर आधी क्रमांक बघा. आपलाच असेल तर उत्तर "हो". दोन-चार ओळींचं काम. तीच चाचणी परत चालवा, वही जुळेल.

चौथा बिघाड: गोठवणं. "डॉकर पॉज" कंटेनरला जागच्या जागी थिजवतं. तो मेलेला नसतो आणि त्याला वेळ गेल्याचं कळलेलंही नसतं. समजा तुमच्या अ‍ॅपच्या दोन प्रती आहेत आणि "रोजचा हिशोब एकानेच करायचा" म्हणून त्या एटसीडीमधलं कुलूप वापरतात. कुलपाची मुदत १० सेकंद. ज्या प्रतीकडे कुलूप आहे तिला २० सेकंद गोठवा. मुदत संपते, दुसरी प्रत कुलूप घेते आणि काम सुरू करते. मग पहिलीला "अनपॉज" करा. ती डोळे चोळत उठते आणि कुलूप आपल्याकडेच आहे असं समजून अर्धवट काम पुढे चालू ठेवते. एकाच वेळी दोघं कामाला. जानेवारी २०२० मध्ये जेप्सनने एटसीडीची ३.४.३ ही आवृत्ती तपासली. साध्या वाचन-लेखनाचे व्यवहार चोख निघाले, पण कुलपांवर डोळे मिटून विसंबता येत नाही असंच त्यांनीही दाखवलं. उपाय असा की प्रत्येक कुलपाबरोबर वाढता क्रमांक द्यायचा आणि लिहिणाऱ्या जागेने जुन्या क्रमांकाचं काम नाकारायचं.

नोडच्या आपापसातल्या नेटवर्कमध्ये उशीर किंवा गळती हवी असेल तर लिनक्समधलं टीसी आणि त्यातलं नेटेम वापरा. ते बाहेर जाणाऱ्या पाकिटांवर लागतं, म्हणून दोन्ही बाजूंना उशीर हवा तर दोन्हीकडे लावा. एटसीडीच्या इमेजमध्ये टीसी नसतं. त्यामुळे त्याच कंटेनरचं नेटवर्क वापरणारा एक मदतनीस कंटेनर चालवा आणि त्याला "नेट अ‍ॅडमिन" हा अधिकार द्या.

दोन सवयी आत्ताच लावून घ्या. चाचणीत "पाच सेकंद झोप" असं लिहू नका. "नवा म्होरक्या दिसेपर्यंत थांब, पण ३० सेकंदांच्या वर नाही" असं लिहा. आणि कुठला बिघाड कधी घालायचा हे यादृच्छिक आकड्यांवर ठरवत असाल, तर त्याचा सीड लॉगच्या पहिल्या ओळीत छापा. पहाटे तीन वाजता फेल झालेली चाचणी सकाळी त्याच क्रमाने परत चालवता यायला हवी. खऱ्या कंटेनरमध्ये वेळेचा फरक थोडाफार पडतोच, पण निदान तेच बिघाड त्याच क्रमाने येतात. फाउंडेशनडीबी बनवणाऱ्यांनी तर यासाठी सुरुवातीपासूनच पूर्ण क्लस्टर एकाच प्रोसेसमध्ये नाटकासारखं चालवणारं सिम्युलेशन उभारलं. त्यात नेटवर्क, डिस्क, घड्याळ सगळं खोटं, म्हणून तोच सीड दिला की तोच बिघाड हुबेहूब परत.

आता लॅपटॉपच्या मर्यादा. कंटेनर कितीही केलेत तरी आतला कर्नल एकच असतो. म्हणजे घड्याळ एकच. दोन मशीनच्या घड्याळांत फरक पडला तर काय, हे इथे कळणार नाही; त्यासाठी वेगळी व्हर्च्युअल मशीन लागतील. दुसरं, "डॉकर किल" म्हणजे वीज जाणं नव्हे. प्रोसेस मेली तरी तिने लिहिलेलं कर्नलच्या मेमरीत जिवंत असतं आणि नंतर डिस्कवर पोचतं. खरी वीज गेली तर ते जातं. तिसरं, तिन्ही नोड एकाच डिस्कवर लिहितात. डिस्क मंद असली तर विनाकारण निवडणुका लागतील आणि तुम्ही नेटवर्कला दोष देत बसाल. चाचणी पास झाली म्हणजे "या एवढ्या बिघाडांत टिकलं", इतकंच म्हणा.

या शनिवार-रविवारसाठी गृहपाठ देतो. तीन नोड उभे करा, वही लिहा, आणि फक्त तिसरा बिघाड करून बघा, उत्तर हरवण्याचा. तुमच्या एखाद्या जुन्या प्रोजेक्टवर केलात तर अजून उत्तम. उद्या मुलाखतीत कुणी विचारलं, "टाइमआउट आला तर काय कराल?" तर "रिट्राय करू" एवढं म्हणून थांबू नका, आधीची मागणी पूर्ण झाली असेल तर काय, तेही सांगा. आणि नोकरी लागल्यावर तुमच्या कोडमधून खरे पैसे जायला लागतील, तेव्हा पलीकडच्या सायलीला तिची सीट मिळेल.

तुमची वही कुठे जुळली नाही ते कॉमेंटमध्ये जरूर लिहा, पुढच्या भागात त्यावर बोलू. ज्या मित्राचं "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे ठरलेलं वाक्य आहे, त्याला हा भाग नक्की पाठवा. काळजी घ्या, भेटू लवकरच. नमस्कार!